दात्याचं नाव गुप्त

हॉलचे दिवे गेले आणि समोरची भिंत वळवळायला लागली.

भिंत अर्थातच जागच्या जागी होती. तिच्यावर पडलेला उजेडाचा मोठा गोल जिवंत झाला होता. त्या गोलात हजारो बारीक जीव शेपट्या झटकत, एकमेकांना धक्के देत पळत होते. कुठे निघालो आहोत हे त्यांनाही माहीत नसावं. पण हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटू लागली. पहिल्या रांगेतले रिटायर्ड हेडक्लार्क तर कुणी मान्यवर आल्यासारखे उभेच राहिले.

"बसा, साहेब, बसा," अंधारातून प्रोफेसरांचा भरदार आवाज आला. "हे शुक्राणू आहेत. म्हणजे हे तुम्हीच आहात! हे तुमचे नातू, पणतू, तुमचं आडनाव, तुमच्या दारावरची पाटी! एका निरोगी पुरुषाने समाजासाठी हे दान दिलंय. दात्याचं नाव गुप्त. त्याने जन्मात जनुकं बदललेल्या मक्याचा दाणा तोंडात घातलेला नाही. म्हणून बघा, कसे पळतायत!"

प्रोफेसर कशाचे, हे कुणी विचारलं नव्हतं. कोट पांढरा होता आणि 'मॉलिक्युलर' हा शब्द त्यांना कुठल्याही वाक्यात बसवता येत होता. एवढ्या भांडवलावर लोकांनी याआधी मुली दिलेल्या आहेत.

त्यांच्या टेबलावर एक सूक्ष्मदर्शक होता, त्याला जोडलेला कॅमेरा होता आणि दुधाच्या कॅनसारखा एक चकचकीत कॅन होता. कॅनचं झाकण उघडलं की आतून पांढरा धूर निघायचा आणि टेबलावरून खाली सांडायचा. त्या धुरातून प्रोफेसर चिमट्याने एक बारीक नळी काढत, कोमट पाण्यात धरत, फडक्याने पुसून कोरडी करत आणि मगच तिच्यातला थेंब काचेवर घेत. हे सगळं ते इतक्या हळुवारपणे करत की मागच्या रांगेतल्या एका आईने बाळाचं रडू तळहाताने दाबलं.

"आता हिरवी बाटली. हिच्यात मूळ, देवाने दिलेलं मक्याचं बियाणं भिजवलंय." हिरव्या बाटलीतला थेंब पडला. पळापळ चालूच राहिली. "आणि ही लाल. हिच्यात प्रयोगशाळेत जनुकं बदललेला मका. तुमच्या गिरणीत रोज दळला जातो तो! मी नाही टाकणार. तुमच्यातल्याच कुणीतरी या. तुम्ही! हो, हो, ते भांग नीट पाडलेले."

भांग नीट पाडलेला माणूस म्हणजे झुलप्या. त्याचं स्वतःचं सलून होतं, त्यामुळे भांग हा त्याच्या धंद्याचा बोर्ड होता. लहानपणी कपाळावर लोंबणाऱ्या झुलपांवरून पडलेलं नाव लग्नानंतरही टिकलं होतं. लग्नानंतर टिकलं असं त्याच्याकडे फार काही नव्हतं. केस विरळ झाले होते, वजन वाढलं होतं, आणि मूल झालं नव्हतं. तेवढ्यासाठीच तो आला होता. शेजारची खुर्ची बायकोची होती. "मी भिंत बघायला यायची नाही," असं सांगून ती घरीच थांबली होती.

झुलप्या पुढे गेला. त्याने बाटली वस्तऱ्यासारखी दोन बोटांत धरली. लाल बाटलीतला थेंब काचेवर पडला.

भिंतीवरची पळापळ मंदावली. एकेकाची शेपटी वळून आकड्यासारखी झाली. मग सगळं थांबलं.

कुठेतरी एक माणूस हुंदका देऊन रडला. झुलप्याला वाटलं, मारले ते आपणच. सगळा हॉल आपल्या हाताकडे बघतोय.

"यांनी तर एकच थेंब टाकला," प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही किती वर्षं खाताय?"

*

दुसऱ्या दिवसापासून शहर मक्याला घाबरू लागलं. थिएटरबाहेरचा लाह्यावाला हातगाडीला पडदा लावून माल विकू लागला आणि घेणारे तोंडावर रुमाल धरून येऊ लागले. मुलगी दाखवायच्या वेळी मुलाच्या बापाला आत नेऊन विचारपूस होऊ लागली, "तुमच्याकडे मका किती खाल्ला जायचा? खरं सांगा हं." ज्याला सात मुलं होती त्या रंगाऱ्यानेही प्रोफेसरांच्या 'बीजकवच' पावडरचा डबा घेतला. आठवं हवं म्हणून नव्हे. ही सात कशी झाली याची त्याला आता मागाहून काळजी वाटू लागली होती.

गिरणीवाल्याकडे कुणी फिरकेना. एका सकाळी त्याच्या शटरवर खडूने 'नामर्दखाना' लिहिलेलं दिसलं. पुढच्या आठवड्यात काचेतून दगड आत आला. गिरणीवाला शांतपणे काचा झाडत होता आणि समोरून जाणारे लोक मान वळवून जात होते. त्यांतल्या निम्म्यांच्या मुलांची नावं त्याने पिठाच्या डब्यांवर स्वतःच्या हाताने लिहिलेली होती.

झुलप्या सकाळ-संध्याकाळ बीजकवच घ्यायचा. आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. दंड भरले. छाती पुढे आली. जिना चढताना दम लागेना.

"बघितलंस?" तो आरशासमोर वळून दाखवायचा. "घोडा झालोय घोडा."

"हो," बायको म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसाला समोरचं किती दिसतं याचा तिला रोजचा अनुभव होता. "पाठीवर पुटकुळ्या कसल्या उठल्यात एवढ्या? आणि काल दुधाची पिशवी फाटली तर दूधवाल्याच्या अंगावर धावून गेलात. घोडे असं करत नाहीत हो."

"विष बाहेर पडतंय. प्रोफेसर म्हणाले, निघताना थोडा त्रास होतोच."

सलूनमध्येही तेच चाललं होतं. एक दिवसाआड येणारी गिऱ्हाइकं रोज दाढीला येऊ लागली. चाळिशीतल्या बाप्यांच्या गालांवर कॉलेजच्या पोरांसारखे लाल फोड उठले. वस्तरा चालवायचा कुठून, हेच कळेना. दाढ्या दाट होत होत्या आणि डोकी विरळ. केस जणू डोक्यावरचा मुक्काम हलवून खाली राहायला आले होते. धंदा तेजीत होता. फक्त सलूनमध्ये पूर्वीसारखी थट्टा चालत नव्हती. कोण कधी उसळेल याचा नेम नव्हता. पंख्याच्या वेगावरून दोघांनी एकमेकांची कॉलर धरली होती.

अशाच एका सकाळी खुर्चीत पोस्टमनकाका बसले होते. गळ्यापर्यंत फेस, मान मागे टाकलेली.

"काय रे झुलप्या," ते डोळे मिटून म्हणाले, "घोडा झालास म्हणे. शिंगरू कधी?"

एरवी झुलप्या हसला असता. त्या दिवशी त्याच्या कानांत रक्त घणघणलं. वस्तरा काकांच्या गळ्याच्या घाटीवर होता आणि हात थांबेना असं एक क्षण त्याला वाटलं. फेसावर लाल रेघ उमटली. बारीकच होती.

"अरे!" काका उठून बसले. त्यांनी आरशात झुलप्याचा चेहरा बघितला. फेस तसाच ठेवून, पैसे ठेवून, ते बाहेर पडले.

झुलप्याने वस्तरा धुतला. पुन्हा धुतला. मग दुकान बंद करून तो थेट लॅबमध्ये गेला. शिंगरू कधी, ते एकदा कळूच दे म्हणून.

पावडर सुरू करण्याआधीही त्याची तपासणी झाली होती. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "थोडे कमी आहेत, पण आहेत. सिगारेट सोडा, धीर धरा." या वेळी लॅबवाल्याने काच दोनदा पाहिली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "एकही नाही."

"एकही नाही म्हणजे?"

"म्हणजे… एकही नाही, दादा."

झुलप्या प्रोफेसरांकडे धावला. प्रोफेसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अभिनंदन! जुने, विषारी सगळे वाहून गेले. पाटी कोरी झाली. आता दुप्पट घ्या."

त्याने दुप्पट घेतली. बायकोने फोन उचलला आणि आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं.

*

ताई जनावरांच्या डॉक्टर होत्या. बोलताना त्या समोरच्याला अशा न्याहाळत की आता हा शेपूट हलवतो की नाही ते बघणार आहेत असं वाटे. झुलप्या त्यांना जरा टरकूनच असायचा.

"बसा, जावईबापू. पहिल्यापासून सांगा. भिंतीवर काय काय दिसलं?"

त्याने सगळं सांगितलं. धुराचा कॅन, चिमटा, नळी, कोमट पाणी.

"आणि मग नळी पुसून कोरडी केली?"

"हो. फार काळजीने. बाळाला पुसावं तशी."

ताई पहिल्यांदा हसल्या. "बरोबर आहे. मीही तशीच पुसते. आणि लाल बाटलीत काय होतं म्हणालात?"

"मक्याचं पाणी."

"त्यातला मका बाजूला ठेवा. पाणी कसलं होतं?"

"पाणी कसलं म्हणजे? पाणी पाण्यासारखं!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"कुणीच नाही विचारलं, ताई."

ताईंनी त्याचा चेहरा खिडकीकडे वळवला, गालावरचे फोड बघितले, भांग बघितला, पाठ दाखवायला सांगितली. मग विचारलं, "गिऱ्हाइकांचंही असंच?" झुलप्याने दाढ्यांचं, फोडांचं, पंख्यावरून झालेल्या मारामारीचं सांगितलं. सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला. इतके दिवस तो एकेक तोंड वेगवेगळं पाहत होता. सगळी एका रांगेत बसवून कधी पाहिलीच नव्हती.

ताईंनी बीजकवचची चिमूट पुडीत बांधून घेतली. झुलप्याला त्यांनी माणसांच्या डॉक्टरांकडे रक्त द्यायला पाठवलं. "मी गाई-म्हशींची. माझं मत फुकट आहे, पण रक्ताचं उत्तर त्यांच्याकडूनच घ्यायचं."

उत्तरं यायला वेळ लागला. तोवर शहरात नवीन बोर्ड लागले होते: पुढच्या प्रयोगानंतर सर्वांनी मिळून गिरणीवर जायचं.

*

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. लोक येताना काठ्या घेऊन आले होते. ज्यांच्या घरी काठी नव्हती त्यांनी मच्छरदाणीचे दांडे आणले होते. एकाने क्रिकेटची बॅट आणली होती आणि तिच्यावर त्याच्या मुलाचं नाव होतं. गिरणीवाला आला नव्हता. तो दुकानात बसून होता म्हणे, आतून कडी लावून.

दिवे गेले. भिंत वळवळली. हिरव्या बाटलीतला थेंब पडला, पळापळ चालू राहिली.

"आणि आता लाल!" प्रोफेसर गरजले. "कोण येतंय?"

ताईंनी हात वर केला.

"वा, आज मातृशक्ती! या ताई, या. घाबरू नका, चावत नाहीत ते."

हॉल हसला. ताई पुढे गेल्या. त्यांच्यामागून झुलप्या सलूनमधली पाणी फवारायची बाटली घेऊन गेला, तेव्हा हसू जरा अडखळलं.

"लाल बाटलीआधी एक करूया," ताई म्हणाल्या. "हे झुलप्याच्या दुकानातलं पाणी. नळाचं. यात मका नाही, बियाणं नाही, काहीच नाही. हेडक्लार्कसाहेब, एक घोट घेऊन बघा."

हेडक्लार्कांनी घोट घेतला. मरायला तयार असलेल्या माणसाच्या चेहऱ्याने ते क्षणभर थांबले. "पाणीच आहे," त्यांनी जाहीर केलं आणि तरीही बसताना छातीवर हात ठेवला.

ताईंनी त्याच पाण्याचा एक थेंब काचेवर टाकला.

भिंतीवरची पळापळ मंदावली. शेपट्या आकड्यासारख्या वळल्या. सगळं थांबलं.

"हे कसं?" बॅटवाला म्हणाला.

"नकारात्मक लहरी!" प्रोफेसर पुढे झाले. "यांच्या हाताला—"

"हात नंतर बघा माझा. नवी नळी काढा," ताई म्हणाल्या. "की दाता दमला?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "काढा की हो नळी!" आवाज आले. प्रोफेसरांना काढावी लागली.

ताईंनी पर्समधून दुसरी बाटली काढली. "हे सलाईन. औषधाच्या दुकानातलं. म्हणजे मीठ घातलेलं पाणी, आपल्या रक्तात असतं साधारण तेवढंच मीठ. यात मी तुमच्या गिरणीतून आणलेल्या बदललेल्या मक्याचं पीठ भिजवून गाळून घेतलंय. हे बघा पीठ. झुलप्या, टाका."

"मी नको, ताई."

"तुम्हीच."

झुलप्याने टाकला. हॉलने श्वास रोखला. भिंतीवर शेपट्या झटकल्या जात होत्या. सगळे वाट बघत राहिले. बराच वेळ. ते पळतच होते. कुणीतरी न राहवून टाळी वाजवली, जणू त्यांनी धावच काढली होती.

"त्यांना मक्याने मारलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "साध्या पाण्याने मारलं. त्यांच्या आत मीठ असतं. बिनमिठाचं पाणी लागलं की ते पाणी आत घुसतं. पाण्यात टाकलेल्या मनुकेसारखे ते फुगतात, शेपूट वळतं, खेळ खलास. या हिरव्या बाटलीत मीठ घातलंय, लालमध्ये नाही. चाखून बघा."

हेडक्लार्क आता तज्ज्ञ झाले होते. त्यांनी दोन्ही बाटल्या चाखल्या. "हिरवी खारट! लाल… साधी!"

"आणि हेही ऐका. उद्या आणखी कशाने हे काचेवर मेले, तरी तेवढ्याने काही ठरत नाही. काचेवर लिंबू पिळलंत तरी मरतील, म्हणून सरबत पिऊन कुणी वांझ होत नाही. तुम्ही मका पोटात घालता. भिंतीवर नाही."

"पण बाई, तुम्हाला एवढं माहीत कसं?" रंगाऱ्याने विचारलं.

"माझं रोजचं काम आहे. आमच्याकडे नळी कोमट पाण्यातून काढली की आधी पुसून कोरडी करायची, मगच कापायची. पाण्याचा एक थेंब आत गेला तर सगळं वाया जातं. नवीन माणूस पहिल्यांदा हमखास चुकतो, मग गाय गाभण राहत नाही आणि मालक शिव्या घालतो."

"गाय?" हेडक्लार्क म्हणाले.

ताईंनी सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. "डोकी बघा, सगळी एका साच्यातली, वल्ह्यासारखी चपटी. माणसाची अशी नसतात." मग त्यांनी ट्रेमधली रिकामी नळी उचलून उजेडात धरली. "आणि नळीवर नंबर छापलेला असतो. ओळखीचा आहे हो हा. आमच्याच कृत्रिम रेतन केंद्रातला वळू. काळा-पांढरा, स्वभावाने गरीब. आणि त्याने जन्मात मका खाल्ला नाही हे मात्र खोटं आहे. त्याला रोज भरडा लागतो. याच मक्याचा."

क्षणभर कुणालाच काही समजेना. मग हॉलमध्ये हशा फुटला. माणसं खुर्च्यांवरून घसरली. आपण ज्याच्यासाठी रडलो, ज्याला नातू-पणतू मानलं, ज्याच्यासाठी काठ्या घेऊन आलो, तो एक गरीब स्वभावाचा वळू! रंगारी शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. काठ्या कडाकड खाली पडल्या.

ताई हसल्या नाहीत.

"हसून झालं असेल," त्या म्हणाल्या, "तर पावडरीचं बोलूया."

हसू एका बाजूने विझत गेलं.

त्या काही बोलायच्या आत झुलप्या पुढे आला. "मी सांगतो, ताई." त्याने हॉलभर नजर फिरवली. त्यातली बहुतेक तोंडं त्याच्या हाताखालून गेलेली होती. "बीजकवच कोण कोण घेतं, हात वर करू नका. मला माहीत आहे. तुमच्या गालावर लिहिलंय. तुम्ही पूर्वी एक दिवसाआड यायचा, आता रोज येता. तुमच्या टाळूवर गेल्या महिन्यापर्यंत केस होते. तुम्ही पंख्यावरून भांडलात. आणि मी… मी पोस्टमनकाकांच्या गळ्याला वस्तरा लावला, थट्टा केली म्हणून."

पोस्टमनकाकांनी मान खाली घातली.

"पावडर घ्यायच्या आधी माझ्यात थोडे होते," झुलप्या म्हणाला. हे वाक्य चारचौघांत म्हणायचं म्हणून तो सकाळपासून घोकत होता. "घेतल्यावर तपासलं. एकही नाही. भिंतीवर मेले ते तरी वळूचे होते. हे माझे होते."

कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली.

"त्या डब्यात साखर, कोको आणि पुरुषी हार्मोनच्या गोळ्यांचा चुरा आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "तपासून घेतलंय. यांच्या रक्ताचंही तेच म्हणणं आहे. हार्मोन बाहेरून आयता आला की दंड भरतात, दाढी वाढते, डोकं भडकतं. शरीराला वाटतं, काम तर आपोआप होतंय. मग ते आळशी कारकुनासारखं टेबल सोडून चहाला जातं. मेंदू खाली निरोप पाठवायचं बंद करतो, आणि खाली नवीन शुक्राणू तयार व्हायचे थांबतात. मक्याने नामर्द व्हाल म्हणून तुम्ही जी पावडर घेतलीत, तीच तुम्हाला निर्बीज करत होती. आणि जितकं घोड्यासारखं वाटत होतं, तितकं जास्त."

दिवे लागले. ते कुणी लावले कळलं नाही. त्या उजेडात माणसं एकमेकांच्या गालांकडे बघत होती. रंगाऱ्याने स्वतःच्या दाढीवरून हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

टेबलावर कॅन धुमसत होता. त्याच्यामागे प्रोफेसर नव्हते. मागचा दरवाजा अर्धा उघडा होता.

"पकडा!" बॅटवाला ओरडला, आणि मघाशी पडलेल्या काठ्या पुन्हा उचलल्या गेल्या. तीच माणसं, तेच हात. झुलप्याला त्या क्षणी प्रोफेसरांपेक्षा त्या हातांची जास्त भीती वाटली.

"काठ्या घेऊन घरी जा!" ताईंचा आवाज चढला. "पोलिसांत तक्रार दिलीय मी. तुम्ही उद्या डॉक्टरकडे जा. पावडर आपल्या मनाने एकदम सोडू नका आणि आपल्या मनाने चालू ठेवू नका, त्यांना विचारून करा. आणि जाताना गिरणीवरून जा. त्या माणसाला बाहेर बोलवा."

सगळे गेले नाहीत. पण हेडक्लार्क गेले आणि त्यांच्यामागून थोडे लोक गेले. गिरणीच्या शटरवर थापा पडल्या तेव्हा आतून बराच वेळ कडी निघाली नाही. बाहेर कोण उभं आहे आणि कशासाठी, हे आतल्या माणसाला कसं कळणार?

*

"मग तो मका चांगला की वाईट?" परतताना झुलप्याने ताईंना विचारलं. बायको त्याच्या शेजारून चालत होती.

"आजच्या खेळाने दोन्ही ठरत नाही. शंका जरूर घ्या. नवीन बियाणं आहे, ज्यांनी बनवलं त्यांना विचारा, ज्यांनी तपासलं त्यांना विचारा, कसं तपासलं तेही विचारा. खाणाऱ्याचा तेवढा हक्कच आहे. फक्त शंकेची पावडर करून विकणाऱ्याकडे जाऊ नका."

"आणि मला आधी कमी का होते? मका नाही, तर मग काय?"

"माहीत नाही."

झुलप्या थांबला. इतक्या दिवसांत हे दोन शब्द त्याने कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. प्रोफेसरांना सगळंच माहीत होतं.

"सिगारेट असेल, खाली एखादी शीर फुगलेली असेल, काहीच नसेल," ताई म्हणाल्या. "तपासावं लागेल. तपासून कधी कळतं, कधी नाही."

"परत येतील ना?"

"बहुतेकांचे येतात. काही महिने जातात, कधी वर्षाच्या वर."

"बहुतेकांचे," झुलप्या म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सलून उघडलं. पोस्टमनकाका आले नाहीत. दुसरे आले. त्यांतल्या तिघांनी कुणी ऐकत नाही असं बघून हळूच विचारलं, "काय रे, ती पावडर आता कुठे मिळेल? मुलाबाळांचं जाऊ दे. बरं वाटायचं रे." झुलप्या त्यांच्या गालांवरच्या फोडांतून वाट काढत वस्तरा चालवत राहिला, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगत राहिला. दोघांनी ऐकलं. तिसरा म्हणाला, पुढच्या शहरात एक माणूस आलाय, तो पाण्यातल्या विषावर काहीतरी देतो.

म्हणून तुम्हालाही सांगून ठेवायचं. तुमच्या हॉलमध्ये कुणी दिवे घालवून काही मारून दाखवलं तर घाबरा, घाबरायला कुणाची ना नाही. पण घाबरत घाबरत हात वर करा आणि विचारा: ज्याला तुम्ही विष म्हणता ते काढून टाकलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर काय होतं? तेही दाखवा. आमच्यासमोर, आमच्या हाताने. जो खरा आहे तो दाखवेल, आणि त्याला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेल. जो तुमच्या हाताला नावं ठेवेल, त्याच्या हातचं काही पोटात घालू नका.

झुलप्याच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी बायकोने दुकानातून सुट्टी घेतली. तिनेही स्वतःची तपासणी करून घेतली होती. इतकी वर्षं ती करायची कुणाला सुचलंच नव्हतं. लॅबच्या बाकावर दोघं शेजारी बसली. आतून काचेचा आवाज येत होता.

"एकही नसला तर?" झुलप्याने विचारलं.

"तर पुन्हा यायचं," ती म्हणाली. "आणि नसलाच कधी, तरी मला ते तुमच्याकडून कळायला हवं. भिंतीवरून नको."

दार उघडलं. लॅबवाल्याने नाव पुकारलं, आणि दोघंही उठली.